गावाची भिंत, गावाचे हात

गेल्या काही वर्षांत आपल्या गोमंतकात भिंती रंगविण्याचा उत्साह चांगलाच वाढीस लागला आहे. शाळांची कुंपणे, पुलांचे खांब, बसस्थानकांच्या मागच्या बाजू, रस्त्याकडेचे संरक्षक कठडे यांवर एका रात्रीत चित्रे उमटतात आणि काल ज्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या तेथे आज मासे, माड आणि होड्या दिसू लागतात. वरवर पाहता ही आनंदाचीच गोष्ट म्हणावी लागेल. सार्वजनिक जागा सुंदर असावी, डोळ्यांना प्रसन्नता लाभावी, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. तथापि या रंगलेल्या भिंतींसमोर थोडा वेळ उभे राहिले की मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. या चित्रातले गाव कोणते? समोरच्या वाड्यावर राहणाऱ्या माणसांचे तर ते नव्हे ना? बहुधा ते नसतेच. पुस्तकातून उचललेला रेंदेर, जाहिरातीतून आलेली कोळीण आणि कोठेही चालेल असा एक सूर्यास्त, एवढ्या सामग्रीवर पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळी गावे सारखीच रंगविली जातात. गावकरी ये-जा करतात, एकदोन दिवस कौतुकाने पाहतात आणि नंतर विसरून जातात. दुसऱ्या पावसाळ्यात त्या चित्रावर शेवाळ चढते, तिसऱ्यात पोपडे सुटतात, आणि ते पुसून घ्यावे असे कोणालाही वाटत नाही. जे आपल्याला न विचारता आले, ते गेल्याचे दुःख कोण करील?

आमची तक्रार चित्रकारांविरुद्ध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. त्यांपैकी कित्येक जण गुणी आहेत आणि अपुऱ्या मोबदल्यात उन्हातान्हात उभे राहून काम करतात. तक्रार आहे ती पद्धतीविरुद्ध. भिंत गावाची, पैसा जनतेचा आणि विषय, आराखडा व रंग मात्र दूरच्या एखाद्या कचेरीत ठरलेले, अशी ही पद्धत आहे. त्यावर उपाय म्हणून अलीकडे 'कार्यशाळा' हा शब्द पुढे करण्यात येतो. परंतु या शब्दालाही आता फार स्वस्ताई आली आहे. पाहुण्यांच्या हस्ते समई पेटते, भाषणे होतात, भिंतीवर आधीच काढून ठेवलेल्या रेषांत शाळकरी मुले रंग भरतात, सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'ग्रामस्थांच्या सहभागातून चित्रनिर्मिती' असा मथळा झळकतो. दुसऱ्याने आखलेल्या रेषेत रंग भरणे याला जर सहभाग म्हणायचे, तर दुसऱ्याने लिहिलेल्या पत्राखाली अंगठा उठविण्यालाही लेखन म्हणावे लागेल.

वास्तविक आकृती योजण्याची दृष्टी गोमंतकीय माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवावी, अशी स्थिती मुळीच नाही. चवथीच्या आदल्या दिवशी कोणत्याही हिंदू घरात डोकावून पाहावे. गणपतीच्या मस्तकावर टांगलेल्या लाकडी चौकटीला माटोळी बांधण्याचे काम चालू असते. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, तोरंजन, कवंडळ आणि रानातून शोधून आणलेली कितीतरी फळे-फुले यांतले कोणते मध्ये यावे, कोणते कडेला, कोणत्या पिवळ्याशेजारी कोणता हिरवा शोभेल, भार कोठे पेलेल, याचा निर्णय घरातली जाणती माणसे बोलता बोलता घेतात. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवरची पोरे बांबू, गवत आणि जुने कागद यांतून नरकासुर उभा करतात. त्याचे प्रमाण, तोल आणि मुद्रा यांवर जो वाद रंगतो, तो एखाद्या कलाशाळेतल्या चर्चेपेक्षा कमी गंभीर नसतो. शिगम्याचे चित्ररथ, तुळशी वृंदावनावरची नक्षी, दारातली रांगोळी यांचीही हीच कथा आहे. यांतल्या कशावरही एकट्याची सही नसते आणि तरीही प्रत्येक गावाचा हात वेगळा ओळखू येतो. ही दृष्टी घराच्या उंबरठ्यापर्यंत आणि सणाच्या दिवसापर्यंत जागी असते. सार्वजनिक भिंतीपाशी आली की मात्र तिला कोणी विचारीत नाही.

याच संदर्भात आम्हांला कावीच्या कलेचा विचार वाचकांपुढे मांडावयाचा आहे. सिंधुदुर्गापासून गोमंतकामार्गे उत्तर कन्नडाच्या किनाऱ्यापर्यंत देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या दोनच रंगांत जी चित्रे व नक्षी आढळते, ती कावी. पेडणे तालुक्यातील मोरजीच्या मोरजाई देवळात ती पाहावयास मिळते. होन्नावरचे शास्त्रज्ञ-लेखक कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून या कलेची छायाचित्रे घेतली, तिची माहिती लिहून ठेवली आणि तिच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. कमळे, वेली, वर्तुळाकार नक्षी, दशावतार, मारुती, गणपती, कृष्णलीला असे तिचे विषय. दोन रंगांच्या मर्यादेत एवढी श्रीमंती साधणारी कला आपल्या किनाऱ्यावर निपजली, याचा आपल्याला जितका अभिमान असावयास हवा तितका तो नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

या कलेची कृती ध्यानात घेतली म्हणजे आमच्या म्हणण्याचा रोख वाचकांच्या लक्षात येईल. शिंपले भाजून चुना करावयाचा, त्यात धुतलेली वाळू आणि गूळ मिसळून तो काही दिवस मुरत ठेवावयाचा, मग पुन्हा कुटून एकजीव करावयाचा. या चुन्याचा गिलावा भिंतीवर चढला की तो ओला असतानाच त्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, पातळ थर द्यावयाचा आणि तो घोटून गुळगुळीत करावयाचा. नंतर पट्टी, कर्कटक आणि टोकदार सळई घेऊन आकृती कोरावयाची व नको असलेला तांबडा भाग खरवडून काढावयाचा, की खालचा पांढरा चुना उघडा पडतो. हे सारे गिलावा सुकण्यापूर्वी उरकले पाहिजे. पुढे हवेतला कर्बवायू शोषून चुना पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्याच्याशी कायमचा एकरूप होतो. म्हणूनच आमच्या किनाऱ्यावरच्या धुवाधार पावसात आणि खाऱ्या हवेतही ही चित्रे पिढ्यान् पिढ्या टिकली.

म्हणजे पाहा, या चित्राला दुकानातला रंग लागत नाही आणि कुंचलाही लागत नाही. त्याला लागतात ती माणसे. शिंपले गोळा करणारी, भट्टी सांभाळणारी, चुना कुटणारी, गिलावा ओढणारा गवंडी, आकृती आखणारा हात आणि ओल टिकवून धरणारी नजर, इतक्या जणांचा मेळ बसल्याशिवाय कावीचे एक कमळही उमलत नाही. वेळेचे बंधन असे की यांतला एक जरी चुकला तरी सर्वांचे श्रम वाया जावेत. सामुदायिक कार्यशाळेची कल्पना परक्या देशांतून आपल्याकडे आली असे जे समजतात, त्यांनी कावीच्या भिंतीपुढे घटकाभर उभे राहावे. ती भिंत स्वतःच एका कार्यशाळेची साक्ष आहे.

अशा भिंतींची आज काय अवस्था आहे? परकीय आक्रमणाने त्या पडल्या असत्या तर आपण इतिहासाला दोष देऊन मोकळे झालो असतो. दुर्दैवाने त्या आपल्याच हातांनी, आपल्याच भक्तीपोटी पुसल्या जात आहेत. देवस्थानाकडे चार पैसे जमले की जीर्णोद्धाराचा ठराव होतो. जुना चुन्याचा गिलावा खरवडला जातो, सिमेंट चढते, त्यावर तैलरंग किंवा चकचकीत फरशी बसते आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी झळकते. विचारले तर उत्तर मिळते की फरशी पुसायला सोपी. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा जाड लेप दिला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून खराब होऊ लागते, हे कोणी त्या समितीला समजावून सांगितलेले नसते. जी भिंत आपल्या पणजोबांनी चुना कुटून उभी केली ती एका आठवड्यात नाहीशी होते आणि गावात कोणालाही काही गमावल्यासारखे वाटत नाही. आमच्या मते खरी हानी हीच आहे. चित्र गेले हे वाईट. ते गेल्याचे कळलेच नाही, हे अधिक वाईट.

यावर सरकारने कायदा करावा, पुरातत्त्व खात्याने पहारा ठेवावा, असे सुचविणे सोपे आहे. जी देवळे संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत त्यांच्यापुरता तो उपाय चालेल. परंतु गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीला अनुसरून महाजनांच्या हाती आहे आणि वाड्यावरची लहानमोठी देवळे तर कोणत्याच यादीत नाहीत. तेथे काय ठेवावे आणि काय पाडावे हे गावच ठरविणार. मग गावाला ठरविण्याइतके ज्ञान आणि आत्मविश्वास मिळवून देणे, हाच एक मार्ग उरतो. कार्यशाळेचे खरे प्रयोजन येथे आहे. ज्या तरुणाने स्वतः चुना मुरविला, ज्या मुलीने ओल्या गिलाव्यावर सळई फिरवून पहिली वेल कोरली, ती माणसे उद्या समितीच्या बैठकीत फरशीचा ठराव आला तर गप्प बसणार नाहीत.

असे प्रयोग आपल्या देशात झालेले आहेत आणि त्यांचा अनुभव तपासून पाहण्यासारखा आहे. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण अवर्षण पडले तेव्हा अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीकडे पाठविले. मिथिलेतल्या स्त्रिया लग्नघरातल्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या जी चित्रे काढीत होत्या ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे चार पैसे हाती येतील, अशी कल्पना होती. कुलकर्णी यांनी कागद दिला. काय काढावे हे सांगितले नाही. जितवारपूरच्या जगदंबा देवी आणि सीता देवी यांची नावे पुढे देशभर झाली आणि १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. हेच कुलकर्णी नंतर डहाणूकडच्या वारली पाड्यांवर गेले. तेथेही त्यांनी तोच विवेक पाळला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात जगाला दिसला. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या कथेला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वारल्यांच्या लग्नातला चौक सुवासिनींनी लिहावयाचा असतो. चित्र कागदावर आले, त्याला बाजार मिळाला, आणि कीर्ती मात्र बहुतांशी पुरुषांच्या वाट्याला गेली. पुढे तर वारली आकृत्या हॉटेलांच्या भिंतींवर, पडद्यांवर आणि पिशव्यांवर कोणीही छापू लागला, ज्याला त्या पाड्याचे नावही ठाऊक नाही. एखाद्या समाजाची आकृती उजेडात आणणे जितके सोपे, तितके ती त्या समाजाच्या हाती टिकवून धरणे सोपे नाही. उद्या कावीची कमळे लोकप्रिय झाली तर त्यांच्यावरही हाच प्रसंग ओढवेल.

राजस्थानातील जवाजाचा प्रयोग या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालकपद सोडल्यावर प्रा. रवि मथाई यांनी १९७५ मध्ये अजमेर जिल्ह्यातल्या या अवर्षणग्रस्त भागात काम आरंभिले आणि राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील तज्ज्ञांना सोबत घेतले. या भागात साधनसंपत्ती काहीच नाही, असे सरकारी उत्तर होते. मथाईंनी चामड्याचे काम करणारे आणि विणकर यांच्याकडे बोट दाखविले. पिशव्या, पट्टे, सतरंज्या यांचे नवे आकृतिबंध तज्ज्ञांनी कारागिरांबरोबर बसून सिद्ध केले, ते अशा बेताने, की स्थानिक सावकार-व्यापाऱ्याच्या मुठीतून कारागीर सुटावा आणि तज्ज्ञ निघून गेल्यावरही काम चालू राहावे. कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. बाहेरून येणाऱ्याने आपण केव्हा आणि कसे निघून जाणार याचा विचार पहिल्याच दिवशी करावयाचा असतो, हा जवाजाचा धडा आहे. आपल्याकडच्या किती शिबिरांत तो केला जातो?

अगदी अलीकडचे उदाहरण रेल्वेचे. २०१७ मध्ये मधुबनी स्थानकाच्या भिंती तिथल्याच कलावंतांनी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांनी, श्रमदानाने रंगविल्या. पुढच्या वर्षी रेल्वेच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत महाराष्ट्रातील बल्लारशा आणि चंद्रपूर यांना पहिला, तर मधुबनीला दुसरा क्रमांक मिळाला. आपल्या कलेने नटलेल्या फलाटावर उतरताना तिथल्या माणसाला जे वाटत असेल त्याचे मोल पैशात होणार नाही, हे खरे. पण श्रमदान हा शब्द ऐकला की आम्हांला थोडे थबकावेसे वाटते. अभियंत्याला वेतन, कंत्राटदाराला देयक आणि कलावंताला टाळ्या, ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. गावाने आपल्या देवळासाठी घाम गाळणे वेगळे आणि सरकारी खात्याने आपले काम गरिबाच्या हौसेवर उरकून घेणे वेगळे.

या अनुभवांवरून गोमंतकात अशा कार्यशाळा योजताना काही पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य असे, की रंग येण्यापूर्वी माणसे एकत्र यावीत. भिंतीवर काय असावे याची चर्चा गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसह व्हावी. जुन्या भिंतीवर पूर्वी काय होते हे त्यांच्याच आठवणीत असते आणि ती आठवण फार काळ थांबणार नाही. दुसरे असे, की उरलेल्या जुन्या कावीकामाला हात लावण्यापूर्वी त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि ठसे घेतले जावेत, आणि हेच काम गावातल्या मुलांकडून करवून घ्यावे. आकृतीचा ठसा घेताना तिची रचना जशी कळते तशी ती भाषणाने कळत नाही. शिकाऊ हात जुन्या भिंतीवर चालवू नयेत. त्यांच्यासाठी शाळेची, वाचनालयाची किंवा मंडळाच्या खोलीची नवी भिंत घ्यावी. तिसरे पथ्य मोबदल्याचे आणि नावाचे. गवंड्याला रोजी आणि आखणाऱ्याला मानधन मिळावे, आणि देणगीदारांच्या पाटीइतकीच ठळक पाटी काम करणाऱ्यांचीही असावी. चौथे असे, की कार्यशाळा संपली तरी चुन्याचा हौद, थापी आणि सळया गावातच राहाव्यात, म्हणजे पुढच्या डागडुजीला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

यांहूनही अवघड असे एक पथ्य आहे आणि त्याविषयी आम्ही आमच्याच वाचकांशी थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. 'गाव' म्हणताना आपण कोणाला धरतो? देवस्थानाच्या महाजनांच्या यादीत ज्यांची नावे आहेत तेवढ्यांनाच काय? चुना भाजणारे, चिरे घडविणारे, गिलावा ओढणारे हात बहुधा त्या यादीबाहेरचेच होते. रांगोळी आणि वृंदावनाची नक्षी ज्यांच्या बोटांत आहे त्या स्त्रियांचा शब्दही समितीच्या बैठकीत क्वचितच ऐकला जातो. ज्यांनी ही कला केली त्यांना वगळून ती वाचविण्याची कार्यशाळा भरली, तर ती जुन्याच अन्यायावर नवा गिलावा ठरेल. देवळासमोरच्या मांडवात सगळे वाडे एका पंगतीने बसले आणि चुना कुटू लागले, तर ते काम कलेच्या पलीकडे जाईल, अशी आमची धारणा आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. बहुमताने चित्र काढले तर ते चित्र राहील काय, असे कित्येक कलावंत विचारतात. गावाला विचाराल तर गाव कॅलेंडरातला देव आणि गुळगुळीत फरशीच मागेल, असेही ते म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. गावाची आवड बिघडत नाही असे नव्हे. ती बाजाराने पुष्कळ बिघडविली आहे. म्हणूनच तेथे जाणत्या कलावंताची गरज आहे. त्याने आपले मत निर्भीडपणे मांडावे, चांगले-वाईट दाखवावे, प्रसंगी वादही घालावा. गावाच्या मागे मान हलवीत जाणारा कलावंत गावाच्या उपयोगाचा नाही, आणि गावाला ओलांडून जाणारा तर त्याहून नाही. अखेरचा निर्णय मात्र त्या भिंतीखाली रोज वावरणाऱ्यांचा असावा. एखाद्या वेळी तो चुकेल. पण स्वतः घेतलेल्या चुकीच्या निर्णयातून गाव शिकेल, लादलेल्या बिनचूक चित्रातून ते काही शिकणार नाही.

हे सारे घडवून आणण्याजोग्या संस्था आपल्याकडे आहेत. पणजीतील गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून विद्यार्थी घडवीत आले आहे. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत भरत आलेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे देशभरातले कलावंत आपल्या दारी येऊ लागले. कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथीचे संग्रहालय उभारून एका समाजाची कला त्याच समाजाच्या अंगणात कशी जपता येते हे दाखविले आहे आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. अंतर आहे ते शहरातल्या दालनापासून गावच्या देवळापर्यंतचे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एक सुट्टी एका गावात काढावी, एका देवस्थानाने जीर्णोद्धाराच्या खर्चातला अल्पसा भाग त्यासाठी बाजूला ठेवावा आणि एका पंचायतीने शाळेची एक भिंत द्यावी, एवढ्या लहान प्रमाणात आरंभ करण्यास कोणत्याही योजनेची वा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पावसाळा सरला की जत्रांचे दिवस येतात आणि त्यांच्या मागोमाग जीर्णोद्धाराच्या बैठकाही सुरू होतात. अशा एखाद्या बैठकीत आपण असाल, तर ठरावावर हात वर करण्यापूर्वी एकदा उठून सभामंडपाची भिंत पाहून यावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे. रंगाच्या पापुद्र्याखाली कोठेतरी तांबडी वेल अजून तग धरून असेल. ती कोरणाऱ्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. पण चुना कसा मुरवावा हे सांगणारा एखादा वृद्ध गवंडी त्याच गावात अजून असण्याचा संभव आहे. त्याला बैठकीला बोलवावे.